मूर्तिपूजा : ख्रिस्ती दृष्टीनें

'मूर्तिपूजा' हा शब्द उच्चारला कीं महाराष्ट्रांतील वाचकाला एकोणिसाव्या शतकांतील मुंबईचे वाद आठवतात. 1830 नंतरच्या दोनतीन वर्षांत मोरभट दांडेकर आणि डॉक्टर जॉन विल्सन यांच्यांत झालेला वाद त्यांतलाच. त्या खंडनमंडनामुळें मूर्तिपूजा हा नेहमीं समोरच्या पक्षाचा दोष असतो, अशी एक समजूत दोन्हीं बाजूंस रुजली. मौज अशी कीं बायबलांत या दोषाचा आरोप परक्यांपेक्षां स्वजनांवरच अधिक कडक शब्दांत केलेला आहे. म्हणून आज मी हा विषय ख्रिस्ती माणसानें स्वतःला विचारावयाचा प्रश्न, याच दृष्टीनें मांडणार आहें.

दहा आज्ञा सर्व ख्रिस्ती पंथांना मान्य आहेत. परंतु त्यांची मोजणी सारखी नाहीं. रोमन कॅथोलिक व ल्यूथरपंथी लोक कोरीव प्रतिमेची मनाई पहिल्या आज्ञेंतच धरतात; ऑर्थोडॉक्स लोक व कॅल्व्हिनच्या परंपरेंतील मंडळी ती दुसरी आज्ञा म्हणून निराळी मोजतात. अर्थात् दहांचा मेळ जमविण्यासाठीं पहिल्या पक्षाला लोभाविषयींच्या शेवटच्या आज्ञेचे दोन भाग करावे लागतात. हा नुसता हिशेबाचा प्रश्न वाटेल. पण कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रांत लोभालाच मूर्तिपूजा म्हटलें आहे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे यादीचीं दोन्हीं टोकें एकमेकांना येऊन भिडतात.

आतां निर्गम ग्रंथांतील सोन्याच्या वासराची कथा पाहूं. मोशे सीनाय पर्वतावर गेलेला, तो लवकर परत येईना. खालीं लोकांचा धीर सुटला. त्यांनीं अहरोनाला गळ घातली, कानांतलीं सोन्याचीं कुंडलें काढून दिलीं, आणि त्यांचें वासरूं घडलें. येथपर्यंतची कथा सर्वांस ठाऊक असते. पण पुढचा तपशील सहसा कोणी सांगत नाहीं. अहरोनानें वासरापुढें वेदी बांधून दुसऱ्या दिवशींच्या उत्सवाची दवंडी पिटविली, ती यहोवाच्याच नांवानें! म्हणजे त्या लोकांना आपण देव बदलला असें कदाचित् वाटलेंही नसेल. जो देव धुरानें वेढलेल्या डोंगरावर होता आणि वाट पाहावयास लावीत होता, त्याला त्यांनीं हातीं लागेल असा, सांगितल्या वेळीं हजर राहील असा करून घेतला. मोशेनें जाब विचारला तेव्हां अहरोनानें उत्तर दिलें कीं आपण सोनें विस्तवांत टाकलें आणि हें वासरूं बाहेर आलें. जबाबदार पदावरच्या माणसाची ही सबब फार जुनी आहे, आणि ती अद्याप प्रचारांतून गेलेली नाहीं.

त्याच ग्रंथांत देव मोशेला कोशावर सोन्याचे दोन पंखधारी करूब घडवावयास सांगतो. पुढें रानांत सर्पदंशानें लोक मरूं लागले असतां पितळेचा सर्प करून खांबावर उभारण्याची आज्ञाही देवाचीच. तेव्हां घडविलेली आकृति स्वभावतःच पाप आहे, असें म्हणतां येत नाहीं. मात्र या पितळी सर्पाचें पुढें काय झालें तें मोठें उद्बोधक आहे. तो शेंकडों वर्षें जपून ठेवण्यांत आला. लोक त्याच्यापुढें धूप जाळूं लागले. अखेर यरुशलेमच्या हिज्कीया राजानें तो फोडून टाकला. ज्या वस्तूनें एकदां प्राण वांचविले, देवाच्या आज्ञेनें जी घडली, तीच वस्तु फोडण्याजोगी झाली. मला वाटतें, मूर्तिपूजेविषयींचा ख्रिस्ती विचार समजून घेण्यास वासरापेक्षां हा सर्प अधिक उपयोगी आहे. कारण वासरूं प्रथमपासूनच चुकीचें होतें, सर्प तसा नव्हता.

चर्चच्या इतिहासांत हा वाद पुनःपुन्हां पेटला. बायझंटाईन साम्राज्यांत आठव्या व नवव्या शतकांत सम्राटांनीं पवित्र चित्रांवर बंदी घातली. 787 सालीं नायसियाच्या दुसऱ्या परिषदेनें वंदन निराळें आणि केवळ देवासाठीं असलेली आराधना निराळी, असा भेद सांगून चित्रें मान्य केलीं. पुन्हां बंदी आली, ती 843 मध्यें उठली. चित्रांचा थोर कैवारी दमास्कसचा योहान हा खलिफाच्या राज्यांत राहत असल्यामुळें सम्राटाच्या हाताबाहेर होता, हा योगायोग मजेदार खरा. ख्रिस्ताचें चित्र पुसणाऱ्या या सम्राटांनीं स्वतःच्या चेहऱ्याचीं नाणीं पाडणें मात्र थांबविलें नाहीं.

परंतु आम्हां मराठी भाषिकांना जवळचें असें प्रकरण गोव्याचें आहे. 1563 च्या डिसेंबरांत ट्रेंटच्या परिषदेनें ठराव केला कीं प्रतिमांचा मान राखावा. त्यांच्या ठिकाणीं कांहीं दैवी शक्ति वसते म्हणून नव्हे, तर तो मान प्रतिमा ज्याची आहे त्याला पोंचतो म्हणून. आणि 1567 सालीं साष्टींतलीं देवळें पोर्तुगीज सत्तेनें जमीनदोस्त केलीं. मंगेश कुशस्थळीहून प्रियोळास गेला, शांतादुर्गा केळोशीहून कवळ्यास गेली. भक्तांनीं त्या देवता नदीपार नेल्या. त्या भक्तांपैकीं एखाद्या शास्त्र्याला प्रतिमेसंबंधीं विचारलें असतें, तर पाषाण म्हणजे देव नव्हे, आवाहन केल्यावर पूजा होते, असेंच कांहीं उत्तर त्यानें दिलें असतें. तें ट्रेंटच्या ठरावाशीं तंतोतंत जुळतें असें मी म्हणत नाहीं. पण तें ऐकून घेण्याइतकें जवळचें खास होतें. तें ऐकून घेतलें गेलें नाहीं. दुसऱ्याच्या मूर्ति फोडणारा हात त्या वेळीं राजसत्तेचा होता, आणि त्या सत्तेची वेदी कोणीं तपासली नाहीं.

1529 सालच्या आपल्या मोठ्या प्रश्नोत्तरींत मार्टिन ल्यूथरनें हा प्रश्न दगडामातींतून काढून माणसाच्या अंतःकरणांत नेला. त्याच्या मतें मनुष्य ज्याच्यावर मनापासून भिस्त ठेवतो तोच त्याचा देव. आणि उदाहरण म्हणून त्यानें पहिलें नांव घेतलें तें धनाचें. या कसोटीनें पाहिलें तर मुंबईच्या दलाल स्ट्रीटवर 2008 च्या जानेवारींत बसविलेला, सोलापूरचे शिल्पकार भगवान रामपुरे यांनीं घडविलेला कांशाचा बैल अगदीं निरुपद्रवी आहे. त्याला कोणी नैवेद्य दाखवीत नाहीं. त्याच इमारतीवरचा आंकडा मात्र वर चढला कीं घरोघर मनें प्रसन्न होतात, आणि त्याच महिन्यांत तो कोसळला तेव्हां कित्येक कुटुंबांत जेवण गोड लागलें नाहीं. पैसा सांभाळणें हा दोष नव्हे. ज्याच्या चढउताराबरोबर आपली स्वतःविषयींची किंमतही चढते-उतरते, त्या आंकड्याशीं आपलें नातें काय, एवढाच येथें प्रश्न आहे.

धनापेक्षांही अवघड प्रश्न राष्ट्राचा. कारण राष्ट्र त्याग मागतें, आणि त्याग नेहमीं पवित्र दिसतो. 1933 च्या जुलैमध्यें जर्मनींतील प्रॉटेस्टंट चर्चच्या निवडणुकींत 'जर्मन ख्रिस्ती' या नाझीधार्जिण्या पक्षाला मोठें बहुमत मिळालें. त्यांनीं येशूला नाकारलें नाहीं. त्याच्या शेजारीं वंश आणि नेता यांना आणून बसविलें. येथेंही उत्सव यहोवाच्याच नांवाचा होता. 1934 च्या मे महिन्याच्या अखेरीस बार्मेन येथें जमलेल्या प्रतिनिधींनीं सहा कलमांचें निवेदन काढून हें शेजारपण अमान्य केलें. त्याचा मसुदा मुख्यतः कार्ल बार्थ या स्विस पंडिताचा होता. हिटलरच्या निष्ठेची बिनशर्त शपथ घेण्यास त्यानें नकार दिला आणि 1935 सालीं बॉन विद्यापीठांतील त्याची जागा गेली. तो आपल्या जन्मगांवीं, बाझलला, परत आला. 1529 सालीं याच शहरांत जमावानें चर्चमधल्या मूर्ति फोडून जाळल्या होत्या; तेव्हांपासून तेथील कॅथीड्रल रिकामें, मूर्तींवांचून उभें होतें. बार्थ तेथेंच 1962 पर्यंत शिकवीत राहिला.