सरासरीने भागत नाही

(शिरोली एमआयडीसी येथील माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मघाशी एकाने विचारले, "मुंबईत इतकी वर्षे तू नेमके केलेस काय?" आईलाही मला हे कधी नीट सांगता आले नाही. इथे समोर निम्मे फौंड्रीवाले बसलेत, म्हणून आज प्रयत्न करतो.

बँकेच्या मेनफ्रेमवर दर सेकंदाला हजारो व्यवहार येतात. दोन-तीन वर्षांनी किती येतील आणि त्याला किती मोठे यंत्र लागेल, हे आधी सांगणे हे माझे काम. तुम्ही इतकी वर्षे रात्री भट्टी लावलीत, कारण तेव्हा रात्रीची वीज स्वस्त होती. दिवसा सगळा भार एकदम घेत नाही, कारण डिमांड चार्ज महिन्यातल्या सर्वांत मोठ्या भारावर बसतो. आयबीएमच्या मेनफ्रेमवरील बऱ्याच सॉफ्टवेअरचे बिलही असेच निघते: सलग चार तासांच्या भाराचा महिन्यातला सर्वोच्च आकडा. म्हणून आम्हीही जड हिशेबाची कामे रात्री ढकलतो.

आता माझी चूक सांगतो. परदेशातल्या एका बँकेसाठी मी तीन वर्षांचा अंदाज दिला होता. सरासरी वापर 60 टक्के, वर्षाला 10 टक्के वाढ, म्हणजे तीन वर्षांनीही 80च्या आत. साहेब खूश, मीही खूश. दुसऱ्याच वर्षी पगार आणि महिनाअखेर एकाच शुक्रवारी आली आणि यंत्र गुदमरले. लोकांचा पगार खात्यात जमा होता, पण काढता येत नव्हता. उत्तर येईना म्हणून माणसे एटीएमचे बटण पुन्हा पुन्हा दाबत होती. त्याने भार आणखी वाढला.

खिडकीवरच्या रांगेचे गणित आहे हे. ग्राहक कधीही येतात आणि प्रत्येकाच्या कामाला कमीजास्त वेळ लागतो, असे धरा. खिडकी निम्मा वेळ व्यस्त असेल तर एका मिनिटाच्या कामाला रांगेसकट सरासरी दोन मिनिटे जातात. 80 टक्क्यांना पाच, 90 ला दहा, 95 ला वीस. शेवटच्या पाच टक्क्यांत वेळ दुप्पट होतो. पंचगंगेची वर्षाची सरासरी पातळी कोल्हापुरात कोणी विचारत नाही. 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेले, तेव्हा हा शिरोलीचा हायवे बंद होता, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त भोगले आहे.

त्या शुक्रवारनंतर मी नुसते यंत्राचे आकडे पाहणे सोडले. बँकेच्या माणसांना जाऊन विचारायचो: पुढच्या वर्षी किती कंपन्यांचे पगार तुमच्याकडे येणार? किती एटीएम वाढणार? एका व्यवहाराला यंत्राचा किती वेळ लागतो, ते एसएमएफ नावाच्या नोंदींतून काढायचो आणि गुणाकार करायचो. अहवालात टक्के शेवटी. आधी तारीख, की या महिन्याच्या पगाराला यंत्र पुरणार नाही. मंजुरी आणि खरेदीत महिने जातात, त्यामुळे साहेबांना तारीखच समजते.

माझे वडील इथल्याच एका फौंड्रीत क्युपोलाचे रजिस्टर लिहायचे. किती कोक, किती लोखंड, किती माल. शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेले असायचे, दिवाळीच्या ऑर्डरी कोणाकोणाच्या येणार. लहानपणी मला वाटायचे, ते उगाच काहीतरी खरडतात.

जेवणाची पाने मांडली आहेत असा निरोप आलाय, तेव्हा थांबतो.