मुलाला 'ढ' म्हणू नका



कल्याण तालुक्यात आम्ही गावोगाव एक बोल ऐकतो: "पोरगं ढ आहे, शाळेतून काढा." जरा थांबा.

एखादं मूल चटचट बोलतं, तोंडी हिशेब करतं. पण वाचायला बसलं की अडतं. भ आणि म, घ आणि ध यांत घोटाळा करतं. फळ्यावरचं उतरवताना अक्षरं गाळतं. हा आळस नव्हे. त्याला अध्ययन अक्षमता असू शकते. बुद्धी शाबूत असते. फक्त अक्षर आणि उच्चार यांची सांगड लवकर बसत नाही. मारून ती बसत नाही.

पहिलीत असा घोटाळा होतोच. दुसरी-तिसरीतही सुटला नाही, तर गुरुजींना भेटा. आधी डोळे-कान तपासून घ्या. सरकारी शाळेत वर्षातून एकदा डॉक्टरांचं पथक येतं, त्यांनाही सांगा. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात याची तपासणी होते. कल्याणहून लोकलने जाता येतं.

2016 सालच्या कायद्याने ही अक्षमता मानली आहे. दाखला असला की परीक्षेत जादा वेळ मिळतो.

लवकर ओळखलं तर शिकवायची रीत बदलता येते. उशीर झाला तर मूल स्वतःच शाळा सोडतं. आज घरी गेल्यावर पोराची वही उघडून बघा. आता आपल्याला वाचता येतं ना!