आजीचा नवा खांदा: कधी जपायचा, कधी वापरायचा

आजचा विषय आमच्या घरातलाच आहे. सणसवाडीत माझ्या आजीचा उजवा खांदा बदलला. गुडघे बदललेली माणसं गावोगाव भेटतात, पण हे सांगितलं की लोक विचारतात, "खांदा पण बदलतात होय?"

बदलतात की! १८९३ साली पॅरिसमध्ये झ्यूल पेआं या सर्जननं क्षयानं पोखरलेल्या खांद्यात प्लॅटिनम आणि रबराचा सांधा बसवला होता. जंतुसंसर्गामुळे साधारण दोन वर्षांनी तो काढावा लागला, पण सुरुवात तर झाली.

आजीला बसवला तो 'रिव्हर्स' सांधा. एरवी दंडाच्या हाडाला गोळा असतो आणि पाठीच्या फऱ्याला वाटी. इथे उलटं: गोळा फऱ्याला, वाटी दंडाला. १९८५ साली फ्रान्सच्याच पॉल ग्रामों यांनी या रचनेचं आधुनिक रूप आणलं. आजीच्या खांद्याच्या आतले स्नायूबंध फाटले होते, म्हणून आता हात उचलायचं मुख्य काम बाहेरचा डेल्टॉइड स्नायू करतो. सांधा डॉक्टरांनी दिला, ताकद मात्र आजीलाच कमवायची होती.

आता माझी चूक ऐका. घरी आणल्यावर तिला उठवताना मी सवयीनं काखेत हात घालून ओढलं. ती कळवळली. फिजिओथेरपिस्टनी मला चांगलंच झापलं. पहिले चार ते सहा आठवडे हात झोळीत. त्या हातावर भार देऊन उठायचं नाही, म्हणजे जमिनीवरची बैठक बंद, उंच खुर्ची हवी. आणि हात मागे कमरेशी न्यायचा नाही, सांधा निखळू शकतो. आमची आजी नऊवारीवाली! काष्टा खोचायला हात नेमका तिथेच जातो. मग काय, काही महिने गाऊन. रुसली, पण ऐकलं.

व्यायाम तेव्हाही होता: बोटं, मनगट, कोपर हलवणं, आणि वाकून हात सैल सोडून झोके देणं. साधारण सहा आठवड्यांनी काठी आणि कप्पी आली. दोरीची दोन टोकं दोन हातांत, चांगला हात ओढतो, दुसरा वर जातो. विहिरीच्या रहाटासारखंच, म्हणून आजीला लगेच जमलं. रबरी पट्टा ओढून ताकद वाढवणं साधारण बारा आठवड्यांनंतर.

खरी गडबड इथेच झाली. झोळी सुटली, तरी आम्ही तिला भरवत होतो, वेणी घालत होतो. सुरुवातीला जपायला हवं होतं तेव्हा मी ओढलं, आणि वापरायला हवा होता तेव्हा सगळ्यांनी मिळून हात जपला. न वापरलेला स्नायू ताकद कशी धरणार?

मग मी मोबाईल कामाला लावला. दर वेळी वाघोलीच्या ट्रॅफिकमधून पुण्याला जाणं जमत नाही. फिजिओंसमोरच व्यायामाचे व्हिडिओ काढले, दिवसातून तीन अलार्म लावले. मी सेकंड शिफ्टला असलो की संध्याकाळचा व्हिडिओ कॉल ठरलेला. यूट्यूबवर दिसेल तो व्यायाम मात्र नाही. प्रत्येक ऑपरेशनचं वेळापत्रक वेगळं असतं, ते आपल्याच डॉक्टरांकडून घ्यायचं. ताप आला, जखमेतून पाणी आलं किंवा खांदा अचानक दुखून वेडावाकडा दिसला, तर अलार्मची वाट न बघता डॉक्टरांना फोन.

सुधारणा वर्षभर चालू राहते. आजीचा हात अजून पूर्ण वर जात नाही. पण परवा मी कंगवा घेतला, तर म्हणाली, "ठेव तिथं. माझी मी घालते वेणी."

तुमच्या घरीही असं कुणी असेल, तर हा भाग त्यांच्या नातवंडांना पाठवा. भेटू पुढच्या भागात!