हत्ती-मोरांचं साहित्य पाठवू नका
(नेरळ इथं तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



परदेशातल्या शाळेशी साहित्याची देवाणघेवाण करायचं खूळ आता शाळाशाळांत आलंय. खूळ म्हणतो, कारण ते करतं कोण ते बघा. 'इंटरनॅशनल' पाटीच्या, लाखालाखानं फी घेणाऱ्या शाळा. तिकडचं पोरगं ख्रिसमसवर लिहितं, इकडचं दिवाळीवर. तिकडं बर्फ, इकडं हत्ती आणि मोर. दोन्हीकडचे मास्तर खूश. आपला देश म्हंजे फराळाचं ताट, एवढंच त्या परक्या पोराला कळतं. ते ताट घासतं कोण, हे कागदावर येत नाय.

आपली देवाणघेवाण यांच्यापेक्षा फार जुनी आहे. जोतीरावांनी 1873 साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. 1946 साली बाबासाहेबांनी ड्यू बॉइस यांना पत्र टाकलं. अमेरिकेतल्या काळ्यांनी युनोकडं अर्ज केलाय असं कळलं, त्याच्या दोन-तीन प्रती मिळवून द्या. ड्यू बॉइस यांचं उत्तरही आलं. मागितलं काय, ते लक्षात घ्या. कविता नाही, अर्ज! माझ्या लेखी तेही साहित्यच. आणि 1972 साली मुंबईत पोरांनी 'पँथर' हे नाव घेतलं, ते काय आकाशातून पडलं? सातासमुद्रापलीकडचं वाचलं, म्हणून मिळालं.

आता शाळेचंच बोलायचं तर हंगेरीत शायोकाझा नावाचं खाणपट्ट्यातलं एक गाव आहे. तिथं रोमा लोकांची वस्ती. युरोप त्यांना जिप्सी म्हणून हिणवतो. रुमानियाच्या मुलखात हे लोक 1856 पर्यंत रीतसर गुलाम होते, हिटलरनं त्यांना लाखांनी मारलं. यांचे पूर्वज हजारेक वर्षांपूर्वी इकडूनच गेलेले. रोमानी भाषेत पाण्याला 'पानी', माणसाला 'मनुष', नाकाला 'नाख', कानाला 'कान'! हंगेरीतले बहुतेक रोमा आता घरात हंगेरियनच बोलतात, ती गोष्ट वेगळी. भाषा गेली तरी वस्ती गावाबाहेरच राहिली.

तिथल्या चांगल्या शहाण्या रोमा पोरांना 'मंदबुद्धी' ठरवून वेगळ्या शाळेत टाकायचे. अशा दोन पोरांच्या खटल्यात स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयानं 2013 साली हंगेरीला दोषी धरलं. आपल्या पोरांना वर्गाबाहेर बसवायचे, तिथं चाचणीचा कागद दाखवून बाहेर काढलं. सुधारलेला देश ना!

देर्दाक तिबोर आणि ओर्शोश यानोश या दोघांच्या हाती बाबासाहेबांची पुस्तकं पडली. यानोश स्वतः रोमा. दोघं महाराष्ट्रात आले, आपल्या बौद्ध वस्त्या पाहिल्या, परत गेले आणि 2007 साली शायोकाझात हायस्कूल काढलं. नाव डॉ. आंबेडकर. शाळेतून बाहेर फेकलेल्या पोरांना शेवटच्या परीक्षेपर्यंत न्यायचं, हे काम. पुस्तक गेलं आणि तिकडं शाळा उभी राहिली. मोराच्या निबंधानं कुठं बालवाडी तरी उभी राहिलीय?

म्हणून माझं म्हणणं, नेरळ-कर्जतच्या हायस्कुलातल्या पोरांनी असल्या शाळांतल्या पोरांना लिहावं. काय लिहावं? वर माथेरानला माणूस माणसाला हातरिक्षात घालून ओढत आला. ते सहा महिन्यांत बंद करा, असा हुकूम सुप्रीम कोर्टानं 2025 च्या ऑगस्टात दिला. ज्याच्या घरात त्या दांडीनं पडलेले घट्टे आहेत, त्यानं लिहावं. कातकऱ्याचं पोर आईबापामागं वीटभट्टीवर जातं, हजेरीपटावर नुसतं नाव उरतं. ते त्या पोरानंच सांगावं. लिहिता येत नसेल तर शेजारच्यानं उतरवून घ्यावं, पण त्याची बोली पुसून 'शुद्ध' करू नये.

भाषांतराचा अडसर आहेच. आमचं मराठी इंग्रजीत जाणार, तिथून हंगेरियनमध्ये, दोनदा गाळून. 'वेस' या शब्दाला इंग्रजीत 'गेट' लिहिलं की सगळं मेलं. वेशीच्या आत कोण, बाहेर कोण, हे चार ओळींत खाली समजावून सांगा. कॉलेजातल्या पोरांनी हे काम अंगावर घ्यावं, इंग्रजीच्या मास्तरांची वाट बघू नये. मास्तर व्याकरण सुधारतील आणि वेस काढून टाकतील.

आणि नुसतं पाठवून भागणार नाय. त्यांचंही मागवायचं. 'मंदबुद्धी' शिक्का बसलेल्या पोराला त्या चाचणीत काय विचारलं, घरी आल्यावर आई काय म्हणाली. ते मराठीत आणायचं, सायक्लोस्टाईलच्या काळात काढायचो तसं स्वस्तात छापायचं, आणि विहारात मोठ्यानं वाचायचं. पहिल्या खेपेला पाच लिखाणं जमली तरी पुरे. वह्या कुणाकडं आहेत, ते आज उठायच्या आत सांगा.