हर्ट्झमागे किती बिट आणि कोणासाठी?



बिनतारी दळणवळणावरची परिषद म्हटली की पुणे, मुंबई नाहीतर बंगळुरू हे ठरलेलंच. ती लोहारा तालुक्यातल्या सास्तूरमध्ये भरवण्याचं धाडस संयोजकांनी केलं आणि अध्यक्षपदाचा मान मला दिला, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात किल्लारीबरोबर हे गावही उद्ध्वस्त झालं. त्या आपत्तीत जे गेले त्यांना प्रथम अभिवादन करतो. त्या दिवसांत हौशी रेडिओचालक, म्हणजे हॅम मंडळी, आपले संच घेऊन भूकंपग्रस्त भागात निरोप पोचवत होती. अशा संचावर एका वेळी एकच माणूस बोलतो आणि त्यासाठी अख्खी वाहिनी अडून राहते. रेडिओ वारंवारतांच्या, म्हणजे वर्णपटाच्या, काटेकोर हिशेबात ही उधळपट्टीच. पण क्षीण संकेतातूनही निरोप पोचतो, तो याच साधेपणामुळे. आजच्या विषयाकडे वळताना ही गोष्ट ध्यानात असू द्यावी.

वर्णपटाची कार्यक्षमता म्हणजे एक हर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यातून सेकंदाला किती बिट नेले, याचं माप. वर्णपट ही सार्वजनिक मालमत्ता आहे. २०२२ च्या लिलावात देशाला त्यासाठी १,५०,१७३ कोटी रुपयांच्या बोली मिळाल्या. त्याच लिलावात ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा होता आणि २६ गिगाहर्ट्झचाही. पहिल्यात जाण्यायेण्याचे दोन भाग मिळून जेमतेम ९० मेगाहर्ट्झ जागा, दुसऱ्यात २४.२५ पासून २७.५ गिगाहर्ट्झपर्यंत, म्हणजे ३,२५० मेगाहर्ट्झ. विद्यार्थी मला विचारतात, ‘सर, एवढी जागा पडलेली असताना काटकसर कशासाठी?’

प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की पट्टा रुंद केला की गोंगाटही त्याच प्रमाणात आत येतो, आणि २६ गिगाहर्ट्झला मुळात संकेतच दुबळा. या लहरींची लांबी सव्वा सेंटिमीटरही भरत नाही. काँक्रीटच्या भिंतीपुढे त्या हात टेकतात. तासाला ५० मिलिमीटर वेगाने पाऊस कोसळत असेल, तर एका किलोमीटरमध्ये सुमारे ८ डेसिबल गळतात, म्हणजे संकेताचा जेमतेम सहावा भाग उरतो. बरं, शक्ती वाढवून हे भागत नाही. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्येच दाखवून दिलं, की संकेत गोंगाटापेक्षा बराच वरचढ झाल्यावर पुढचा प्रत्येक बिट मिळवायला शक्ती जवळपास दुप्पट करावी लागते. संकेतात बिट भरण्याच्या ६४-क्यूएएम पद्धतीवरून २५६-क्यूएएमवर गेलो तर दर चिन्हामागे सहाचे आठ बिट होतात, पण संकेत साधारण चौपट सबळ लागतो.

मग वाट कुठली? ती अवकाशाची. एकाच वेळी, एकाच वारंवारतेवर, पण वेगवेगळ्या दिशांनी निरनिराळे प्रवाह पाठवायचे. या विचाराचा एक धागा आपल्या मातीत आहे. थॉमस कैलाथ यांचा जन्म पुण्याचा, १९३५ चा. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून ते १९५६ मध्ये पदवीधर झाले. पुढे स्टॅनफर्डमध्ये त्यांनी आणि भारतीय नौदलात काम करून तिथे गेलेले आरोग्यस्वामी पॉलराज यांनी अवकाशी बहुगुणनाच्या कल्पनेचं पेटंट मागितलं. ते १९९४ मध्ये मंजूर झालं. आज अनेक अँटेनांच्या ज्या तंत्राला आपण ‘मायमो’ म्हणतो, त्याच्या पायातला हा एक महत्त्वाचा दगड.

लहर आखूड असण्याचा इथे फायदा होतो. २६ गिगाहर्ट्झला अर्ध्या लहरीच्या अंतराने २५६ अँटेना मांडल्या, तर सारी जाळी नऊ-साडेनऊ सेंटिमीटरच्या चौकोनात मावते. त्यातून विजेरीसारखा अरुंद झोत निघतो आणि दुबळ्या संकेताची भरपाई होते. मात्र या लहरींना परावर्तनाच्या वाटा थोड्या, म्हणून एकाच फोनकडे फार प्रवाह नेता येत नाहीत. दोन ध्रुवणांचे दोन मिळाले तरी बरं. खरा लाभ वेगवेगळ्या ग्राहकांकडे एकाच वेळी वेगवेगळे झोत टाकण्यात आहे. शिवाय प्रत्येक अँटेनाला स्वतंत्र परिवर्तक जोडला तर वीज आणि उष्णता आवाक्याबाहेर जाते. म्हणून परिवर्तकांच्या आठ-सोळा साखळ्यांवर शेकडो अँटेना चालवणारी संकरित रचना पुढे आली.

आता माझा मुख्य मुद्दा. आपल्या प्रबंधांत कार्यक्षमतेचे जे आकडे झळकतात, ते बहुधा झोत ग्राहकावर अचूक बसल्यानंतरचे असतात. चालत्या माणसाचा शोध घेण्यात, तो वळला की पुन्हा शोधण्यात आणि चाचणी-संकेत पाठवण्यात गेलेला वेळ वजा करा, आकडा उतरतो. शहरातल्या गर्दीत हा खर्च टळत नाही. सास्तूरसारख्या गावात मात्र मनोऱ्यावरून शाळेच्या, दवाखान्याच्या किंवा ग्रामपंचायतीच्या छतावर बसवलेला झोत एकदा जुळवला की जुळला. मोकळं माळरान, समोरासमोर दृष्टी, न हलणारा ग्राहक. शोधाचा खर्च जवळजवळ शून्य. पाऊस जोराचा आला तर बिट कमी करून दुवा टिकवायचा, उघडीप झाली की पुन्हा वाढवायचे. अतिउच्च वारंवारतेला आपण शहरी चैन समजतो. माझ्या मते तिची कार्यक्षमता खेड्याच्या छतावर अधिक खुलेल. सरकारच्या भारतनेट योजनेची तार ग्रामपंचायतीपर्यंत येते. तिथून पुढचे शे-पाचशे मीटर या लहरींनी घ्यावेत.

म्हणून परिषदेपुढे तीन सूचना ठेवतो. पहिली, आपल्या संशोधनात सर्वोच्च आकड्याशेजारी शोधाचा खर्च वजा केलेला, पावसातला आणि शेवटच्या घरातला आकडा छापावा. दुसरी, मराठवाड्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी जूनपासून सप्टेंबरपर्यंत छत-ते-छत दुवे चालवून पाऊस आणि गळती यांची नोंद ठेवावी. परक्या हवामानातल्या नोंदींवर आपली आखणी किती दिवस बेतायची? तिसरी, आपत्तीसाठी कमी बिटांची, पण दूरवर पोचणारी वाट राखीव ठेवावी. सेल ब्रॉडकास्टच्या चाचण्या देशात २०२३ मध्ये झाल्या. त्यात मनोरा एकच संदेश एकदा सोडतो आणि टप्प्यातल्या सगळ्या फोनवर तो वाजतो, दहा असोत वा दहा हजार. दर हर्ट्झच्या हिशेबात माणसं मोजायची ठरवली, तर याच्याइतकी काटकसर कुठल्याच झोताला साधणार नाही.

भागाकार करताना छेदात हर्ट्झ ठेवूच; अंशात केवळ बिट ठेवायचे की पोचलेली माणसंही, हे ठरवणं आपल्या हाती आहे. पुढच्या सत्रांतल्या निबंधवाचकांना मी तोच प्रश्न विचारणार आहे, तयारीत या.