म्हातारपणाची देखभाल : हात कोणाचे, पैसा कोणाचा?



घरात कोणी अंथरुणाला खिळले की सगळ्या घराचा दिवस त्या अंथरुणाभोवती फिरू लागतो. तोंड धुणे, अंग पुसणे, डायपर बदलणे, दर दोन तासांनी कूस पालटणे, मऊ भात भरवणे, गोळ्यांच्या वेळा सांभाळणे, रात्री हाक आली की उठणे. यातले एकही काम डॉक्टरचे नाही आणि एकही आपल्या आरोग्य विम्यात बसत नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये आयुष्मान भारत योजना उत्पन्नाची अट न ठेवता 70 वर्षे पूर्ण केलेल्या सर्वांना खुली झाली, कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण मिळू लागले. हे चांगलेच झाले. पण त्या योजनेचे दार रुग्णालयात भरती झाल्यावर उघडते. खुब्याचे हाड मोडले तर शस्त्रक्रिया होते, घरी आल्यावर पंधरा दिवसांपर्यंतचा औषधोपचारही मिळतो. पुढचे काही महिने उठवायला-बसवायला लागणारे माणूस मात्र मिळत नाही. ही देखभाल म्हणजे श्रम आहे, त्या श्रमाला किंमत आहे आणि ती किंमत एकेका घराच्या नशिबावर न सोडता सर्वांनी मिळून उचलली पाहिजे, एवढेच मला आज मांडायचे आहे.

आज ती किंमत दोन ठिकाणांहून वसूल होते. पहिले ठिकाण म्हणजे घरातली बाई : सून, मुलगी, पुष्कळदा स्वतःच सत्तरी ओलांडलेली पत्नी. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात 15 ते 59 वयोगटातल्या 41 टक्के स्त्रिया घरातल्यांची देखभाल करताना आढळल्या, पुरुष 21 टक्के. यात मुलांचे संगोपनही धरले आहे, पण भार कोणाकडे झुकतो ते स्पष्ट आहे. तिची सुटलेली नोकरी आणि दुखणारी कंबर कुठल्याच हिशेबात येत नाही. दुसरे ठिकाण म्हणजे ब्युरोतून ठेवलेली मावशी. बारा तासांच्या ड्यूटीला दिवसाचे 800 रुपये धरले, तरी महिन्याला 24 हजार होतात. रात्रीचीही हवी असेल तर 48 हजार. आता समोरची आवक पाहा. भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतले किमान निवृत्तिवेतन 2014 पासून महिना 1,000 रुपये आहे. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातला वाटा ऐंशीच्या आत 200 आणि पुढे 500 रुपये. ही तोंडमिळवणी होत नाही, म्हणून ठेवी मोडतात. आणि घराला असह्य वाटणाऱ्या या रकमेतूनही ब्युरोचे कमिशन वजा होते. मावशीला बहुधा ना प्रशिक्षण, ना हक्काची सुट्टी, ना तिच्या स्वतःच्या म्हातारपणाची तरतूद. देणाऱ्याला परवडत नाही आणि घेणारीला पुरत नाही, अशी ही अवस्था आहे. अशा वेळी मजुरी कमी करून प्रश्न सुटत नसतो. खर्च अधिक खांद्यांवर पसरावा लागतो.

तो पसरता येतो, याचे कारण संकटाच्या स्वरूपातच आहे. 2017-18 च्या लासी या राष्ट्रीय पाहणीत साठीपुढच्या साधारण एक चतुर्थांश लोकांना आंघोळ, कपडे घालणे, शौचास जाणे, चालणे अशा रोजच्या गोष्टींपैकी निदान एकीत अडचण होती. म्हणजे बहुतेकांना नव्हती. पाळी कोणाची येईल आणि किती वर्षे चालेल, हे आधी कोणालाच ठाऊक नसते. विम्याची कल्पना नेमकी अशाच प्रसंगासाठी असते. जर्मनीने 1995 मध्ये देखभाल विमा सक्तीचा केला. जपानने 2000 च्या एप्रिलपासून चाळिशीपुढच्या प्रत्येकाकडून हप्ता घ्यायला सुरुवात केली. निम्मा पैसा हप्त्यांचा, निम्मा करांचा, आणि सेवा घेताना बहुतेकांना खर्चाचा दहावा हिस्सा भरावा लागतो. तिथे खरे महत्त्व मला पैशापेक्षा व्यवस्थेचे वाटते. नगरपालिकेचा माणूस घरी येऊन 74 मुद्द्यांवर पाहणी करतो, डॉक्टरांचे मत घेऊन मंडळ गरजेची पायरी ठरवते, आणि मग आठवड्यात कोण कधी येणार याचा आराखडा एक प्रशिक्षित नियोजक आखून देतो. आपल्याकडे हे नियोजन थकलेली सून फोनवर फोन करून करते. बोगस लाभार्थी घुसतील, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तरही याच पाहणीत आणि मंडळात आहे.

सर्वांत जुना आक्षेप संस्कारांचा. आईवडिलांचे करणे हे मुलांचे कर्तव्य, त्यात विमा आणि सरकार कशाला? हेच कर्तव्य जपानमध्ये सुनेच्या गळ्यात बांधलेले होते. म्हणूनच तिथल्या स्त्री-संघटनांनी घराला रोख रक्कम देण्यास विरोध केला : पैसे मिळाले की सून आणखीच जखडली जाईल. जपानने रोख न देता सेवा दिली. जर्मनी रोखही देते, पण काळजी घेणाऱ्या नातेवाइकासाठी ठरावीक अटींवर निवृत्तिवेतनाचा हप्ताही भरते. दोन्हींत मला जपानचा निर्णय आपल्याला जवळचा वाटतो. कर्तव्याचे म्हणाल, तर आपल्याकडे 2007 चा कायदा आहेच. मुलांकडून त्यात मिळणाऱ्या निर्वाहखर्चाची कमाल मर्यादा महिना 10 हजार आहे. मघाच्या 24 हजारांच्या निम्मीही नाही. मुलगा कितीही सज्जन असला, तरी त्याची मिळकत आदेशाने वाढत नाही. प्रेम आणि जाग्रणे घरच्यांनी द्यावीतच, पण पाठ उचलायला दुसरा हात मिळाला म्हणून प्रेम कमी होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जर्मनी-जपान श्रीमंत, आपल्याकडे बहुसंख्यांना पगारपत्रकच नाही, हप्ता कशातून कापणार? सगळे एका दिवसात होणार नाही, हे मला मान्य आहे. पण केरळकडे पाहा. 1999 पासून मलप्पुरम भागात शेजारपाजारच्या स्वयंसेवकांनी आजाऱ्यांच्या घरी जाण्याची साखळी उभी केली. 2008 मध्ये राज्याने धोरण केले आणि पंचायतीच्या खर्चाने परिचारिका घरोघर जाऊ लागल्या. ही भेट रोजची नसते, ती मावशीची जागा घेत नाही. तरी जखम चिघळण्याआधी जाणते हात घरी पोहोचतात, हे थोडे नाही. पैशाबाबत तर आपण महाराष्ट्राचीच परंपरा विसरलो आहोत. रोजगार हमी योजनेसाठी 1975 मध्ये व्यवसाय कर बसवला गेला आणि शहरातल्या पगारदारांच्या कपातीतून दुष्काळी भागातल्या मजुरांना काम मिळाले. ज्या राज्याने ते केले, त्याला देखभालीसाठी छोटी पट्टी परकी वाटू नये.

वृद्धाश्रम सोयीचे नाहीत का, असेही विचारले जाते. काहींसाठी आहेत, ते असावेतही. पण घरी राहू इच्छिणाऱ्याला केवळ माणूस परवडत नाही म्हणून तिकडे जावे लागणे ही निवड नव्हे.

राहिली मावशी. जर्मनीच्या सर्वोच्च कामगार न्यायालयाने 2021 मध्ये एका बल्गेरियन सेविकेच्या दाव्यात घरात हजर राहण्याच्या वेळेलाही किमान वेतन लागू असल्याचा निर्णय दिला. आपल्याकडे घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांना नियमांत आणू पाहणारे विधेयक डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत मांडले गेले आणि 2024 मध्ये ती लोकसभा विसर्जित होताच बारगळले. ते पुन्हा यायला हवे. तोवर वाट पाहण्याचे कारण नाही : प्रत्येक प्रभागात आणि मोठ्या ग्रामपंचायतीत घरी येणारी एक परिचारिका आणि नोंदणी झालेल्या, प्रशिक्षित सेविकांची यादी, एवढे तरी स्थानिक संस्थांना आजही करता येईल. आपल्या नगरसेवकाला, सरपंचाला हे लेखी मागा आणि लेखीच उत्तर घ्या.