रात्रीचे जेवण आणि सकाळचा काटा

शरीराच्या वजनाचा विषय निघाला की बहुधा चरबीचीच चर्चा सुरू होते. वस्तुतः काट्यावर उभा राहणारा मनुष्य आपली हाडे, मांस, रक्त, जठरातील अन्न, आतड्यांतील मळ, मूत्राशयातील मूत्र आणि अंगावरचे कपडे या सर्वांसह तेथे उभा असतो. काटा यांपैकी कशाचाही वेगळा हिशेब देत नाही. तो एकच आकडा दाखवितो. त्या आकड्याचा अर्थ कसा लावावा, आणि विशेषतः घरी रांधलेले साधे, सकस अन्न खाऊनही दुसऱ्या दिवशी तो वाढलेला दिसला तर त्यावरून काय समजावे, एवढाच प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

विषय लहान आहे, पण त्याचे परिणाम लहान नाहीत. वजन उतरविण्याचा निश्चय करून एखादी व्यक्ती बाहेरचे तळलेले पदार्थ सोडते आणि घरची डाळ, भात, भाजी, ताक असे जेवण सुरू करते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काटा किलोभर अधिक दाखवितो आणि ती खचते. मग प्रथम भात बंद होतो, त्यामागून डाळही जाते. काही दिवस अर्धपोटी काढल्यावर कंटाळून ती पुन्हा पूर्वीच्या खाण्याकडे वळते. या साऱ्यात अन्नाचा दोष मुळीच नसतो. एका खऱ्या आकड्याचा खोटा अर्थ लावला गेलेला असतो, इतकेच.

वजनाचा हा दैनंदिन चढउतार पद्धतशीरपणे नोंदविणारा पहिला प्रसिद्ध शास्त्रज्ञ म्हणजे इटलीतील पादुआ येथील वैद्य सांतोरिओ (१५६१-१६३६). त्याने एका मोठ्या तराजूच्या दांडीला खुर्ची टांगली होती. तीत बसून तो जेवणापूर्वी व जेवणानंतर, झोपेपूर्वी व झोपेनंतर स्वतःचे वजन करी. खाल्लेले अन्न, प्यालेले पाणी आणि शरीराबाहेर पडलेले मलमूत्र हेही तो तोलून पाही. हा खटाटोप त्याने अनेक वर्षे चालविला आणि १६१४ साली त्याचे निष्कर्ष लॅटिन भाषेत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्याला असे आढळले की, दिवसभरात आठ पौंड अन्नपाणी पोटात गेले, तर त्यांपैकी सुमारे पाच पौंड डोळ्यांना न दिसता शरीरातून निघून जाते. या अदृश्य निर्गमनाला त्याने एक प्रकारचा सूक्ष्म घाम मानले. हा घाम म्हणजे नेमके काय, हे समजण्यास अठराव्या शतकाची अखेर उजाडावी लागली. पॅरिस येथे लाव्हाझिए व त्याचा सहकारी सेगँ यांनी श्वसनावर प्रयोग केले आणि त्यानंतर हे स्पष्ट होत गेले की, मनुष्य श्वासावाटे पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड, तर त्वचेवाटे पाणी सतत बाहेर टाकीत असतो. रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर केलेल्या वजनात अर्धा किलो किंवा त्याहून अधिक फरक पडतो, त्याचे एक कारण हेच. निद्रिस्त मनुष्यदेखील हलका होत असतो.

आता ताटाकडे वळू या. वाटीभर तांदळाचा भात सुमारे ३०० ग्रॅम भरतो. त्याच्यासोबत २०० ग्रॅम पातळ डाळ किंवा सांबार, १५० ग्रॅम भाजी, तितकेच दही, तीन पोळ्यांचे १२० ग्रॅम आणि दोन पेले पाणी, म्हणजे ४०० ग्रॅम, असे धरले तर एकूण १,३२० ग्रॅम होतात. हे जेवण आटोपून लगेच काट्यावर उभे राहिल्यास आकडा सव्वा किलोहून अधिक वाढलेला दिसणारच. न दिसला तर काटा बिघडला असे समजावे. परंतु या सव्वा किलोपैकी फार मोठा भाग पाण्याचा आहे. कच्चा तांदूळ शिजताना आपल्या वजनाच्या दीडपट-दुप्पट पाणी शोषून घेतो, डाळ तर त्याहूनही अधिक. घरच्या अन्नाची हीच तर खूण आहे: ते ओले, शिजवलेले, पोट भरणारे असते. याउलट तेवढेच उष्मांक देणारी तळलेली शेव अथवा फरसाण मूठ-दोन मुठींत मावते आणि काट्यावर जेमतेम दोनशे ग्रॅम भरते. त्या क्षणी काट्याचा कौल घेतला, तर फरसाण हे पथ्याचे अन्न ठरेल!

उष्मांकांच्या बाजूने पाहिले तर चित्र अगदी निराळे दिसते. वर सांगितलेल्या जेवणातून हजार-अकराशे उष्मांक मिळतात. शरीरात एक किलो चरबी साठण्यासाठी मात्र गरजेपेक्षा सुमारे ७,७०० उष्मांक अधिक पोटात जावे लागतात. दिवसाला २,००० उष्मांकांची गरज असलेल्या मनुष्याला एका दिवसात किलोभर चरबी चढवायची असेल, तर अशी नऊ-दहा जेवणे त्याने एकाच दिवशी जेवली पाहिजेत. लग्नाच्या पंगतीत आग्रह कितीही झाला तरी हे सहसा घडत नाही. तेव्हा एका रात्रीत वाढलेला किलो हा जवळजवळ नेहमीच अन्नाचा व पाण्याचा असतो, चरबीचा नव्हे.

येथे एक शंका रास्त आहे. पोटातले अन्न तर एक-दोन दिवसांत बाहेर पडते. मग काही वेळा ही वाढ चार-सहा दिवस का टिकते? याची कारणे तीन आहेत आणि ती एकमेकांत मिसळलेली असतात.

सर्वांत महत्त्वाचे कारण ग्लायकोजेन हे होय. पिष्टमय पदार्थांतील साखरेचा काही भाग शरीर ग्लायकोजेनच्या रूपाने साठवून ठेवते. फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बर्नार याने हा पदार्थ यकृतातून १८५७ साली वेगळा केला. प्रौढ मनुष्याच्या यकृतात सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंत सुमारे ४०० ग्रॅम ग्लायकोजेन राहू शकते, आणि प्रत्येक ग्रॅमाबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. म्हणजे हे कोठार पूर्ण भरलेले आणि रिते यांत सुमारे दोन किलोंचा फरक पडू शकतो. चरबीचा येथे काहीही संबंध नाही. दोन-तीन दिवस लंघन केलेला किंवा भात-पोळी वर्ज्य केलेला मनुष्य झपाट्याने हलका होतो, तो मुख्यतः या पाण्यामुळे. उपवास सुटून घरचे नेहमीचे जेवण सुरू झाले की कोठार पुन्हा भरते आणि गेलेले वजन परत येते. नवरात्रात उतरलेले वजन दसऱ्यानंतरच्या आठवड्यात परतलेले पाहून हळहळणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की, जे परत आले त्याचा बराचसा भाग खऱ्या अर्थाने गेलेलाच नव्हता. झटपट वजन उतरविण्याची आश्वासने देणाऱ्या अनेक आहारपद्धतींचे पहिल्या आठवड्यातील यश याच पाण्यावर उभे असते.

दुसरे कारण मीठ. रक्ताचा खारेपणा ठराविक मर्यादेत राखणे शरीराला अत्यावश्यक असते. दर लिटर पाण्यास सुमारे नऊ ग्रॅम मीठ हे ते प्रमाण. शिरेतून दिले जाणारे सलाइनही याच प्रमाणाचे असते. एखाद्या दिवशी लोणचे, पापड, चटणी आणि खारट कढी यांतून तीन ग्रॅम मीठ अधिक गेले, तर मूत्रपिंडे ते बाहेर टाकीपर्यंत एक-तृतीयांश लिटर पाणी शरीरात अडकून पडू शकते. घरचे अन्न म्हणजे कमी मिठाचे अन्न, असे गृहीत धरणे बरोबर नाही. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला पाच ग्रॅमांहून कमी मीठ सुचविले आहे, आणि ताटाच्या डाव्या बाजूला जे जे वाढले जाते त्याचाच हिशेब केला तरी ही मर्यादा किती सहज ओलांडली जाते ते कळते.

तिसरे कारण चोथ्याचे. मैद्याचे पाव आणि बिस्किटे सोडून ज्वारी, बाजरी, नाचणी, सालीसकट डाळी आणि पालेभाज्या खाऊ लागल्यावर आतड्यांतील ऐवज वाढतो, कारण चोथा पाणी धरून ठेवतो. ब्रिटिश शल्यवैद्य डेनिस बर्किट व त्याच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या मोजणीत युगांडातील ग्रामस्थांचा रोजचा मळ चारशे ग्रॅमांहून अधिक, तर ब्रिटनमधील लोकांचा शंभर ग्रॅमांच्या आसपास भरला होता. आहार बदलताच किलोचा पाव-अर्धा भाग इकडचा तिकडे झाला, तर तो आतड्याच्या चांगल्या प्रकृतीची निशाणी समजावी. स्त्रियांच्या बाबतीत यात मासिक पाळीची भर पडते. पाळीपूर्वीच्या दिवसांत काहींच्या शरीरात अर्धा ते एक किलो, क्वचित त्याहून अधिक पाणी साठते व पाळी सुरू झाल्यावर ते ओसरते. त्या दिवसांतील जेवणाला याचा दोष देणे अन्यायाचे होईल.

काट्याची ही एकाक्षरी भाषा उलट दिशेनेही फसविते, आणि तेथे प्रश्न किलो-अर्ध्या किलोच्या खंतीचा राहत नाही. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अँसेल कीज याने ३६ स्वयंसेवकांवर अर्धपोटी राहण्याचा प्रयोग केला. त्यात असे दिसून आले की, चरबी व मांस झिजत असताना पेशींबाहेरचे पाणी त्या मानाने घटले नाही. कित्येकांचे पाय सुजले. झीज जितकी झाली होती तितकी ती काट्यावर दिसत नव्हती. भारतात हाच प्रकार कुपोषित बालकांत दिसत आला आहे. कुन्नूर येथील पोषणविषयक प्रयोगशाळेत डॉ. सी. गोपालन यांनी अशा सुजलेल्या बालकांच्या विकाराचा अभ्यास केला होता. तीच प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादला हलली व पुढे राष्ट्रीय पोषण संस्था झाली. अशा बालकाला योग्य आहार सुरू केल्यावर पहिल्या काही दिवसांत त्याचे वजन वाढण्याऐवजी घटते, कारण सूज उतरत असते. हे आईला आधी समजावून सांगितले नाही, तर आपले मूल दवाखान्यात वाळत चालले आहे अशा समजुतीने ती त्याला उचलून घरी नेण्याची भीती असते. बालक सुधारत असते आणि काटा मात्र त्याच्याविरुद्ध साक्ष देत असतो.

अंगणवाड्यांत बालकांच्या वजनाचा आलेख राखण्याची पद्धत यासाठीच मोलाची आहे. एका महिन्याचा बिंदू अतिसाराने खाली जाईल, भरपेट जेवणाने वर चढेल. पण सहा महिन्यांची रेषा सहसा फसवीत नाही. प्रौढांनीही हीच रीत पाळावी. सकाळी, शौचास जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्यापूर्वी, त्याच काट्यावर आणि साधारण तेवढ्याच कपड्यांत वजन करावे आणि आठवड्याच्या सरासरीची तुलना मागल्या आठवड्याच्या सरासरीशी करावी. एके काळी रेल्वे फलाटांवर रंगीबेरंगी दिव्यांची वजनयंत्रे असत; नाणे टाकले की वजनाचे कार्ड बाहेर येई व त्यावर भविष्यही छापलेले असे. बूट घालून, समोसे खाऊन, प्रवासाच्या घाईत केलेले ते वजन जवळजवळ त्या भविष्याइतकेच विश्वसनीय होते. कमरेचा घेर फितीने मोजणे किंवा जुना सदरा कसा बसतो ते पाहणे, ही साधने कित्येकदा रोजच्या काट्यापेक्षा अधिक खरे सांगतात. आणि आठवड्यांची सरासरी दीड-दोन महिने सतत चढत असेल, तर मात्र पाण्याकडे बोट दाखवून चालणार नाही. घरचे तूपही तूपच असते, आणि ताटातील दुसऱ्या वाढपाचा हिशेब तेथे करावाच लागेल.

एका प्रकारच्या रुग्णांना मात्र यातील बरेचसे लागू पडत नाही. ज्यांचे हृदय दुर्बल झाले आहे किंवा मूत्रपिंडे अथवा यकृत बिघडले आहे, त्यांच्या शरीरात साठणारे पाणी आपोआप ओसरत नाही. अशा रुग्णाला वैद्य रोज सकाळी वजन करावयास सांगतात, ते चरबी मोजण्यासाठी नव्हे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढणे, घोट्यांवर बोट दाबल्यास खळगा पडणे, उशी उंच केल्याखेरीज झोप न येणे, जिना चढताना दम लागणे, यांपैकी काही दिसल्यास जेवणाचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी वैद्याकडे जावे. गर्भवती स्त्रीचे वजन अचानक वाढले आणि त्यासोबत डोके दुखू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा चेहरा सुजला, तर तिचा रक्तदाब विनाविलंब तपासून घ्यावा लागतो. निरोगी मनुष्याने जो किलो खुशाल दुर्लक्षावा, तोच किलो या रुग्णांच्या वहीत तारखेसह लिहून ठेवावा लागतो, आणि पुढल्या भेटीत वैद्य सर्वांत आधी तीच वही मागतात.